जुना निकॉन डी३ घ्यावा का? (घरात जुन्या डी लेन्स पडून आहेत)

धूसर_कडा:

मंडळी, जरा सल्ला हवाय. वापरलेला निकॉन डी३ मिळतोय. विकणारे गृहस्थ खेळांचे फोटो काढायचे, आता मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) गेलेत. शटर आजवर १,८६,००० च्या आसपास वेळा उघडलंय. सोबत एक बॅटरी, चार्जर आणि दोन सीएफ मेमरी कार्डं. अंगठ्याजवळचं रबर उचकटलंय, कडांचा रंग उडून खालचा धातू दिसतोय. बाकी 'एकदम ओके' असं त्यांचं म्हणणं.

सध्या माझ्याकडे डी५३०० आहे. चांगला उजेड असेल तर त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी काढते नाटकांच्या तालमी, प्रयोग आणि धाकटीचे बॅडमिंटनचे सामने. दोन्हीकडे उजेडाची बोंब, दोन्हीकडे फ्लॅशला बंदी. वडिलांनी फिल्मच्या काळात घेतलेल्या दोन लेन्स आहेत: ८०-२०० एफ/२.८ डी आणि ५० एफ/१.८ डी. डी५३०० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे दोन्हींचा फोकस हातानं करावा लागतो. तालमीत जमतं. सामन्यात मात्र पोरगी शटलमागे धावत असते आणि माझ्या फोटोत जाळीची वीण अन् वीण सुरेख टिपलेली असते.

डी३ मध्ये मोटर आहे, म्हणजे या लेन्स त्यावर आपोआप फोकस करतील, एवढं कळलं. पण २००७ सालचा कॅमेरा! १२ मेगापिक्सेल! घरच्यांचं मत, "फोनला याच्यापेक्षा जास्त आहेत." व्हिडिओ नाही याचं मला सुखदुःख नाही. आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायची संवेदनशीलता) ३२०० ला आजच्या नजरेनं तो कसा दिसतो आणि हे धूड सांभाळणं परवडतं का, हे ज्यांनी हाताळलाय त्यांनी सांगावं. स्पेसिफिकेशन मीही वाचलेत.

सावकाश_शटर:

ताई, आधी मेगापिक्सेलचं भूत उतरवू. डी३ ची फाइल ४२५६ बाय २८३२ पिक्सेलची असते. ३०० डीपीआयनं छापली तर साधारण १४ बाय ९ इंच. मासिकाचं अख्खं पान निघतं त्यातून. मी हा कॅमेरा मैदानावर भरपूर वापरलाय, १२ मेगापिक्सेल कमी पडले म्हणून फोटो परत आला असं कधी झालं नाही. फोटो परत यायचे ते भलतीकडे फोकस गेला म्हणून.

आता आयएसओ. डी३ हा निकॉनचा पहिला फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) डिजिटल. मूळ मर्यादा २०० ते ६४००, त्यापुढे ताणून २५,६०० पर्यंत. तेव्हा आम्ही ६४०० ची फाइल उघडून एकमेकांची तोंडं बघितली होती. आज तसं काही होणार नाही. ३२०० ला दाणा दिसतो, पण बारीक आणि एकसारखा, चेहऱ्याचा रंग टिकतो. ६४०० ला एक्स्पोजर बरोबर असेल तर काम भागतं. कमी पडलं आणि नंतर सावल्या उचलायला गेलात, की मग चिखल. तुमच्या डी५३०० चा सेन्सर आकारानं निम्म्याहून लहान आहे, पण २०१३ चा आहे. म्हणून दोघांत फरक दिसेल, पण डोळे दिपवणारा नाही. निव्वळ आयएसओसाठी डी३ घेत असाल तर घेऊ नका.

डी३ घ्यायचा तो फोकससाठी. ५१ पॉइंट, त्यातले मधले १५ क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे. आणि त्यातली मोटर! तुमची ८०-२०० स्क्रूनं फिरणारी लेन्स आहे, तिला फिरवणारा हात कॅमेऱ्याचा असतो. डी३ ची बॅटरी ११.१ व्होल्टची, तो हात दणकट. लेन्स 'खर्रर्र' करत एका झटक्यात जागेवर येते. तुमचा वडिलोपार्जित ठेवा यावर जेवढा जिवंत होईल तेवढा फार थोड्या कॅमेऱ्यांवर होईल. वर सेकंदाला ९ फ्रेम. शटल मारतानाचा क्षण पकडायला पुरे.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. डी५३०० वर २०० मिमी तुम्हाला ३०० सारखी दिसत होती. डी३ वर ती निव्वळ २००. मागच्या खुर्च्यांवरून काढत असाल तर पलीकडच्या बाजूची खेळाडू एवढीशी दिसेल. डीएक्स क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) लावलात तर हातात उरतात जेमतेम ५ मेगापिक्सेल. तेव्हा आधी सांगा, कोर्टपासून किती लांब बसता?

तिरकस_फ्रेम:

सावकाशराव जुन्या प्रेमाच्या आठवणीत रमलेत, रमू दे. पण बाईंनी 'नाटकाचे प्रयोग' असं लिहिलंय ते कोणी वाचलं का? डी३ चा आवाज ऐकलाय कधी शांत प्रेक्षागृहात? नायिका हुंदका आवरतेय आणि तिसऱ्या रांगेतून खटाक! डी३ मध्ये क्वाएट मोड (शटरचा आवाज कमी करणारी सोय) नाही, या मालिकेत तो २००९ च्या डी३एस पासून आला. पहिल्याच प्रयोगात दिग्दर्शक बाहेरचा रस्ता दाखवेल.

माझं मत: डी७५० बघा. २०१४ चा. फोकसची मोटर आहे, म्हणजे वडिलांच्या लेन्स चालतील. २४ मेगापिक्सेल असल्यानं क्रॉप केला तरी १० उरतात. शांत शटर आहे. पॉइंट यालाही ५१, पण हा उणे ३ ईव्हीपर्यंतच्या (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका कमी तितका अंधार) अंधारात फोकस करतो, डी३ उणे १ पर्यंत. रंगमंचावर ब्लॅकआउटच्या अलीकडचा प्रकाश असतो ना, तिथे हा फरक कळतो. कार्डं साधी एसडी, बॅटरी ईएन-ईएल१५, जी निकॉननं नंतरच्या कितीतरी कॅमेऱ्यांत चालू ठेवली. बॅटरीशिवाय वजन ७५० ग्रॅम. डी३ बॅटरीशिवायच १२४० ग्रॅम. त्याला ८०-२०० लावून दोन तास उभं राहा आणि मग मनगटाला विचारा.

'प्रोफेशनल' शिक्का बघून भुलू नका एवढंच. तो कॅमेरा ज्याचा धंदा होता त्याच्यासाठी बनला होता. त्याची दुरुस्ती आणि बॅटऱ्या ऑफिसच्या खात्यातून व्हायच्या.

पेचकस:

मी दुरुस्तीच्या धंद्यातला, म्हणून घ्या-न-घ्या मध्ये पडत नाही. बघायला जाल तेव्हा काय तपासायचं ते सांगतो.

शटरचा आकडा तोंडी ऐकू नका. त्यांच्यासमोर एक जेपेग काढा, एडिट न करता घरी आणा, एक्झिफटूलमध्ये (फाइलमधल्या नोंदी वाचणारं सॉफ्टवेअर) उघडा. निकॉनच्या फाइलमध्ये आकडा असतो. डी३ चं शटर ३,००,००० ला तपासलेलं आहे, म्हणजे १,८६,००० ला घाबरायचं कारण नाही. तीन लाखांना ते बंद पडतं असंही नाही आणि त्याआधी पडणार नाही असंही नाही. शटर बदलता येतं. माझ्याकडे येणारे जुने कॅमेरे शटरपेक्षा बटणं, डायल आणि पाण्यानं खराब झालेल्या जोडण्यांमुळे जास्त येतात.

१/८००० सेकंदाला पांढऱ्या भिंतीवर एक लांब बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) मारा. सगळ्या फ्रेम एकसारख्या उजळ हव्यात. वर किंवा खाली काळपट पट्टा दिसला तर शटरचे पडदे थकलेत, विषय संपला. मग एफ/१६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून, तीच भिंत. डाग दिसतील. डी३ मध्ये सेन्सर झटकायची आपोआप सोय नाही, त्यामुळे थोडी धूळ असणारच, ती साफ होते. पुसून न जाणारा ओरखडा वेगळा.

टॉर्च न्या. सीएफच्या दोन्ही खणांत डोकावा. आतल्या सुयांची रांग सरळ हवी. कार्ड तिरकं घुसवून सुई वाकवणारे महाभाग खूप. हॉट शूच्या (वर फ्लॅश बसवायची खाच) पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर कॅमेरा भिजलेला आहे, परत फिरा. माउंटच्या (लेन्स बसते त्या कडीच्या) स्क्रूंची डोकी झिजली असतील तर आधी कोणीतरी उघडलाय. कशासाठी, ते विचारा.

उभ्या पकडीचं शटर बटण आणि तिथलं डायल वेगळं तपासा. खेळवाल्यांचा हात तिथेच असतो, त्यामुळे आधी तेच झिजतं. डायल फिरवताना आकडे उड्या मारत असतील तर आत घाण आहे.

आणि सेटअप मेनूत बॅटरी इन्फो उघडा. चार्जिंग लाइफ ० ते ४ मध्ये दाखवतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे गेली. या कॅमेऱ्यात मला खरी काळजी कशाची वाटत असेल तर हीच. ईएन-ईएल४ए बॅटरी डी४ पासून निकॉननं सोडून दिली, अस्सल नवी मिळणं कठीण झालंय. बाजारातल्या नकली बॅटऱ्यांत काही चांगल्या निघतात, काही फुगतात. चार्जर अस्सल आहे का तेही बघा.

रबर सैल पडलंय ते वयानं. वाढतं आणि सुटतं. चिकटवता येतं, भावात घासाघीस करायला उपयोगी.

धूसर_कडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पेचकस, तुमचा निरोप फोनवर उघडा ठेवूनच गेले होते. गृहस्थ सज्जन निघाले, टॉर्च त्यांनीच आणून दिला.

आकडा खरा निघाला. पडदे ठीक, सुया सरळ, हॉट शू स्वच्छ. उभ्या पकडीचं डायल उड्या मारतंय, शटर ३२० वरून थेट ५००. बॅटरीचं चार्जिंग लाइफ ३. त्यांनी स्वतःहून सांगितलं की मॅच संपेपर्यंत पुरते, पण दुसरी लागेलच.

माझी ८०-२०० लावली आणि सावकाशदादा, तुमचं 'खर्रर्र' ऐकलं. खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यावर फोकस इतका चटकन गेला की मी दचकलेच. वडिलांची लेन्स एवढी तरतरीत आहे हे मला माहीतच नव्हतं. मग शटर दाबलं. तिरकस, तुमचं खरं आहे. प्रयोगात हे चालणार नाही. बाजूच्या खोलीतून त्यांच्या पत्नीनं विचारलं, "परत सुरू केलंत का?"

कोर्टपासून मी बाजूच्या रेषेपाशी, जमिनीवर बसते, त्यामुळे २०० पुरेल. पण हिशेब केला तर सामन्यांपेक्षा तालमी आणि प्रयोगच जास्त. मन डी७५० कडे झुकलंय. शंका एकच: माझी ही लेन्स त्यावर डी३ इतकी चपळ राहील का? आणि हॉलमधल्या दिव्यांखाली बर्स्टमधले फोटो एक उजळ, एक पिवळट असे येतात, तेही थांबेल का?

सावकाश_शटर:

दुसऱ्याचं आधी, कारण उत्तर 'नाही' आहे. तो दोष कॅमेऱ्याचा नाही. दिवे विजेच्या लयीत सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात आणि १/१००० ला तुम्ही त्यातला एक तुकडा उचलता. त्यावरचा इलाज, फोटोसाठीचा फ्लिकर रिडक्शन, निकॉनमध्ये २०१६ च्या डी५ आणि डी५०० पासून आला. डी३ ला नाही, डी७५० लाही नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, नंतर रंग सावरून घ्या. किंवा त्या हॉलमध्ये कोणत्या कोपऱ्यातले दिवे शांत आहेत ते हेरून तिथे बसा. आम्ही तेच करायचो.

लेन्सबद्दल: डी७५० वर ती थोडी मंदावेल. त्याची बॅटरी ७ व्होल्टची. पण लेन्सवर फुल आणि लिमिट अशी सोय असेल बघा. सामन्यात लिमिटवर ठेवा. मग फोकस चुकला तरी लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकून येत नाही, आणि वेळ खरा तिथेच जातो. प्रयोगाला स्क्रूचा आवाजही थोडा येईल. तिथे शटर शांत ठेवून एकदा फोकस घ्या आणि धरून ठेवा, नट काही बॅडमिंटन खेळत नाहीत.

तिरकसशी मी सहसा सहमत होत नाही, पण तुमच्या कामाला डी७५० बरा. घेताना २०० मिमी, एफ/२.८ ला तीन-चार मीटरवरच्या छापील मजकुरावर फोकस तपासा. पुढे-मागे पडत असेल तर मेनूत फाइन ट्यून आहे.

पेचकस:

डी७५० बघायला जाल तेव्हा तळावरचा सिरियल नंबर टिपून घ्या. त्या मॉडेलच्या काही कॅमेऱ्यांच्या शटरसाठी निकॉननं मोफत दुरुस्ती जाहीर केली होती. तुमचा नंबर त्यात येतो का आणि येत असेल तर काम झालंय का, हे विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा. बाकी तपासणी तीच, फक्त बर्स्ट १/४००० ला मारा, याचं शटर त्याहून वेगानं चालत नाही, आणि सीएफच्या सुयांऐवजी एसडीचे दोन्ही खण कार्ड घालून वापरून बघा.