प्लीहेची इजा: ‘ग्रेड ३’ एवढेच लिहिले असता कोणता कोड द्यावा?

प्रश्न (नवोदित कोडर, पुणे):
नमस्कार. मी अमेरिकेतील रुग्णालयांच्या आंतररुग्ण चार्टचे कोडिंग आयसीडी-१०-सीएमनुसार (निदानांना कोड देण्याची अमेरिकी प्रणाली) करते. मोटारसायकलवरून पडलेल्या एका रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत शल्यचिकित्सकांनी ‘प्लीहेला ग्रेड ३ इजा’ आणि ‘यकृताचे किरकोळ लॅसरेशन’ (फाटल्याची जखम) असे लिहिले आहे. शस्त्रक्रिया झालेली नाही. सीटीच्या अहवालात मात्र प्लीहेच्या लॅसरेशनची खोली २.५ सेंटिमीटर दिली आहे. सहकाऱ्यांच्या मते ग्रेड ३ म्हणजे मोठे लॅसरेशन, म्हणून एस३६.०३२ए, मापानुसार मला एस३६.०३१ए (मध्यम लॅसरेशन) योग्य वाटतो. शिवाय दोन अवयवांसाठी एकच कोड पुरेल का?

उत्तर १ (ट्रॉमा कोडिंग, नवी मुंबई):
ग्रेडवरून थेट कोड काढू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ग्रेड ही अमेरिकेच्या ट्रॉमा शल्यचिकित्सक संघटनेची श्रेणी आहे, आणि एस३६.०३ खालील कोडांच्या वर्णनात ग्रेडचा उल्लेखच नाही. तिथे १ सेंटिमीटरपेक्षा कमी (वरवरचे), १ ते ३ सेंटिमीटर (मध्यम) आणि ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त (मोठे) अशी मापे आहेत. श्रेणीत रक्तगाठ आणि लॅसरेशन दोन्ही मोजले जातात, त्यामुळे प्लीहेच्या निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर आवरणाखाली रक्तगाठ असली, तर लॅसरेशन नसतानाही ग्रेड ३ ठरतो. एकाहून अधिक इजा असल्यास ग्रेड ३ पर्यंत एक पायरी वाढवण्याचीही तरतूद आहे. म्हणजे मध्यम आकाराची दोन लॅसरेशन असतील, तर शल्यचिकित्सकांचा ग्रेड ३ बरोबर ठरेल आणि कोडही एस३६.०३२ए होईल, कारण अनेक मध्यम लॅसरेशन त्याच कोडात समाविष्ट आहेत. याउलट २.५ सेंटिमीटरचे एकच लॅसरेशन असेल, तर ती ग्रेड २ ची इजा आहे आणि कोड एस३६.०३१ए.

या दोहोंपैकी कोणते खरे, हे कोडरने ठरवायचे नाही. शल्यचिकित्सकांना क्वेरी (नोंदीबाबतची विचारणा) पाठवा: समरीतील ग्रेड आणि सीटीतील माप दोन्ही जसेच्या तसे मांडा, इजेचे स्वरूप विचारा, आणि पर्यायांमध्ये ‘अन्य’ व ‘निश्चित सांगता येत नाही’ हेही ठेवा. एका उत्तराकडे झुकणारी क्वेरी नियमांना धरून होत नाही.

उत्तर २ (नाशिक):
यकृतासाठी एस३६.११४ए (किरकोळ लॅसरेशन) वेगळा द्यावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये पोटातील अनेक अवयवांच्या इजेसाठी एस३६.७ आहे; सीएममध्ये तो नाही, आणि जुन्या पुस्तकांवरून शिकलेल्यांचा इथेच गोंधळ होतो. सर्वांत गंभीर इजा आधी लिहावी. इथे बहुधा ती प्लीहेचीच असेल, पण तो निर्णय डॉक्टरांचा. पोटात रक्त साचल्याचा उल्लेख असल्यास के६६.१ (उदरपोकळीतील रक्तस्राव) लावू नका, कारण आघाताने झालेला रक्तस्राव त्यातून वगळलेला आहे.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्वेरीचे उत्तर आलेच नाही तर काय करावे? आणि हाच रुग्ण पुन्हा तपासणीसाठी आल्यास कोडच्या शेवटचे, सातवे अक्षर ‘ए’च राहील का?

उत्तर १:
समरीत ‘इजा’ एवढाच शब्द राहिला, तर एस३६.००एक्सए. त्यात तपशील कमी असला, तरी डॉक्टरांनी न लिहिलेली तीव्रता दाखवणारा कोड देण्यापेक्षा हा मला अधिक प्रामाणिक वाटतो. सातवे अक्षर भेटींच्या क्रमावर नव्हे, उपचाराच्या टप्प्यावर ठरते: सक्रिय उपचार चालू असेपर्यंत ‘ए’, इजा भरून येताना होणाऱ्या नियमित तपासणीसाठी ‘डी’.