व्हीएस कोडमध्ये आमच्या फाइलींसाठी वेगळा एडिटर करायचाय, सल्ला हवा (वेळ फक्त दोन वीकेंड)

खटपट्या (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे तापमापकांच्या कॅलिब्रेशनच्या फाइली असतात. आतून साधं जेसन (माहिती मजकुरात लिहायची ठरलेली पद्धत), पण फाइलीच्या नावाचं शेपूट आमचं स्वतःचं, डॉट कॅल. एकेका फाइलीत तीनेकशे ओळी. सहा जण त्या व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) हाताने बदलतात आणि दर आठवड्याला कुणीतरी एखादा स्वल्पविराम खातं, नाहीतर तापमानांचा चढता क्रम चुकवतं. मग यंत्र फाइल घेत नाही आणि फोन मला येतो.

म्हणून वाटलं, फाइल उघडली की मजकुराऐवजी तक्ता दिसेल असं एक्स्टेंशन, म्हणजे व्हीएस कोडला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, करावं. त्यासाठी व्हीएस कोडने दिलेल्या सोयीबद्दल, कस्टम एडिटर एपीआयबद्दल वाचलं. टेक्स्टवाला, बायनरीवाला आणि नुसता वाचायचा असे तीन प्रकार दिसले आणि गोंधळलो.

अटी: दोन वीकेंड, एकटा माणूस, जावास्क्रिप्ट कामापुरती. फ्रेमवर्क शिकायला वेळ नाही. व्हीएसआयएक्स फाइल (एक्स्टेंशनचं पॅकेज) करून सहा जणांना दिली की काम झालं. कुणी हे केलंय का?

बिनधास्त_बाइट
रिॲक्ट, टाइपस्क्रिप्ट आणि व्हीट ही वेबची साधनं घ्या, डोळे झाकून. मी आमच्या वर्कफ्लोच्या फाइलींसाठी असाच एडिटर केलाय. ड्रॅग-ड्रॉप, झूम, मिनीमॅप, सगळं आहे. आठ महिने झाले, आता फक्त अंडू (बदल मागे घेणं) राहिलंय.

रात्रपाळी
@बिनधास्त_बाइट, ते दोन वीकेंड म्हणतायत हो.

खटपट्या, तुमची फाइल टेक्स्ट आहे ना? मग कस्टम टेक्स्ट एडिटर घ्या, बाकी दोन्ही विसरा. त्यात तुमचा तक्ता म्हणजे एक वेबव्ह्यू, व्हीएस कोडच्या आत उघडलेलं वेबपान असतं. खरी फाइल व्हीएस कोडच्याच डॉक्युमेंटमध्ये राहते. बदल करायचा तर वर्कस्पेस एडिट, म्हणजे 'इथला मजकूर असा बदल' अशी सूचना पाठवायची. सेव्ह, अंडू, टॅबवरचा न सेव्ह केल्याचा ठिपका, सगळं आयतं मिळतं. पॅकेज डॉट जेसनमध्ये (एक्स्टेंशनच्या माहितीच्या फाइलीत) व्ह्यूटाइप म्हणजे एडिटरची ओळख, नाव आणि फाइलींचा नमुना द्या. प्रायॉरिटी 'ऑप्शन' ठेवा, 'डिफॉल्ट' नको. म्हणजे फाइल नेहमीसारखी उघडेल आणि ज्याला तक्ता हवा तो 'रीओपन एडिटर विथ' करेल. मी सुरुवातीला डिफॉल्ट ठेवलं होतं. गिटमधला (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातला) फरक बघायला गेलो तर दोन्ही बाजूंना दोन सुंदर तक्ते शेजारी शेजारी, आणि बदल नेमका कुठे झालाय ते शोधा आता डोळ्यांनी.

शून्यापासून
बायनरीवालाच करा. सगळा ताबा आपल्याकडे राहतो. टेक्स्टवाले एडिटर २०२० मध्ये १.४४ आवृत्तीत आले, बायनरीवाले १.४६ मध्ये. मी तेव्हापासून करतोय. डॉक्युमेंटचं मॉडेल आपलं, सेव्ह आपलं, रिव्हर्ट आपलं, बॅकअप आपला, अंडू-रिडूही आपलं.

रात्रपाळी
ताबा आपल्याकडे म्हणजे तेवढं सगळं लिहायचंही आपणच. तीनशे ओळींच्या जेसनसाठी?

शून्यापासून
उद्या फाइल मोठी झाली तर? ५० एमबीच्या वरच्या फाइली टेक्स्ट डॉक्युमेंट म्हणून एक्स्टेंशनला मिळतच नाहीत. तेव्हा आठवण येईल माझी.

खटपट्या
सर, आमची फाइल १२ केबीची आहे.

पाटीपेन्सिल
टेक्स्टवाल्याला +१, पण माझी फजिती ऐका. वेबव्ह्यूतून बदल आला की मी आख्खं जेसन पार्स करून (मजकुराचा डेटा करून), बदलून, परत स्ट्रिंगिफाय करून (डेटाचा मजकूर करून) पूर्ण डॉक्युमेंट बदलत होतो. पहिल्या दिवशी एकाने एक आकडा बदलला आणि गिटमध्ये सगळी फाइल लाल-हिरवी. मूळ फाइलीत टॅब होते, मी दोन स्पेस घातल्या होत्या. कोणी काय बदललं ते महिनाभर कळेना.

दुसरं म्हणजे, आपण बदल पाठवला की डॉक्युमेंट बदलल्याचा इव्हेंट आपल्यालाच परत येतो. तेव्हा तक्ता नव्याने काढलात की टाइप करणाऱ्याचा कर्सर चौकटीतून उडतो. लोक एक अंक टाइप करायचे, परत क्लिक, परत एक अंक. मला वाटलं कीबोर्ड खराब आहेत.

अचूकतावादी
वरच्या प्रतिसादात जे हळूच आलंय ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. कॅलिब्रेशनच्या फाइलीत पार्स-स्ट्रिंगिफाय केलंत तर १.५० चं १.५ होईल.

बिनधास्त_बाइट
मग? १.५० आणि १.५ एकच की.

अचूकतावादी
गणितात एकच. मोजमापात नाही. १.५० लिहिणारा सांगतो की त्याने दुसऱ्या दशांशापर्यंत मोजलंय. तुम्ही ते शून्य गिळलंत तर त्याचं मोजमाप तुम्ही कच्चं करून ठेवलंत.

बिनधास्त_बाइट
कॉम्प्युटरला फरक पडत नाही.

अचूकतावादी
कॉम्प्युटर सही करत नाही, माणूस करतो. आणि कॉम्प्युटरलाच फरक पडतो ते उदाहरण हवं असेल तर घ्या: यंत्राचा अनुक्रमांक १७ अंकी असेल आणि अवतरणचिन्हांत नसेल तर १२३४५६७८९०१२३४५६७ आत जाऊन १२३४५६७८९०१२३४५६८ बाहेर येतो. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचे. कसलाही एरर येत नाही, गपचूप बदलतं.

खटपट्या
बाप रे. आमचे अनुक्रमांक १६ अंकी आहेत आणि अवतरणात नाहीत.

पाटीपेन्सिल
त्यावर उपाय आहे. 'जेसनसी पार्सर' नावाची लायब्ररी आहे, तिच्यातलं मॉडिफाय फंक्शन फक्त बदललेल्या जागेचाच एडिट काढून देतं. बाकीच्या मजकुराला हात लागत नाही, टिपा असतील तर त्याही राहतात. मी शेवटी तिच्यावर आलो. आधी कळलं असतं तर तो महिना वाचला असता.

मायमराठी_कोडर
अवांतर: धाग्यात 'एक्स्टेंशन' आणि फाइलीचं 'शेपूट' असे दोन शब्द वापरलेत ते आवडलं. एरवी इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आणि सगळा घोळ. एक्स्टेंशनला 'विस्तारक' म्हणावं का?

शून्यापासून
'जोडणी' बरा.

बिनधास्त_बाइट
जोडणी म्हणजे गॅसची वाटते.

मायमराठी_कोडर
'पुरवणी'?

रात्रपाळी
पुरवणी परीक्षेतली. चला, विषयावर या.

काटकसर
मला एक कळत नाही, एडिटर हवाच कशाला? स्वल्पविराम राहिला तर व्हीएस कोड आपणहून लाल रेघ मारतो. तुमच्या लोकांना दिसत नाही का?

खटपट्या
नाही दिसत. फाइल साध्या मजकुरासारखी उघडते, रंगही नसतात.

काटकसर
मग रोग तिथेच आहे. डॉट कॅल म्हणजे जेसन हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सेटिंग्जमधल्या फाइल असोसिएशन्समध्ये एक ओळ घाला. झालं, रंग आणि लाल रेघा दोन्ही येतील. त्यावर एक जेसन स्कीमा (फाइलीत काय असावं याची नियमावली) जोडा, म्हणजे राहिलेली फील्डं आणि आकड्याच्या जागी आलेला मजकूरही पकडला जाईल. एक्स्टेंशनमधून द्यायचं तर जेसन व्हॅलिडेशन नावाची नोंद आहे, त्यात कोडची एक ओळ लागत नाही. दोन वीकेंड नाही, दोन तास.

पाटीपेन्सिल
हे बरोबर आहे आणि मला आता रडू येतंय.

अचूकतावादी
चढता क्रम स्कीमाने पकडला जात नाही. शेजारच्या दोन आकड्यांची तुलना जेसन स्कीमात लिहिता येत नाही.

नवीन_सभासद_७
मी वरचं सगळं वाचलेलं नाही, पण टॅब बदलून परत आलं की माझा वेबव्ह्यू कोरा होतो. कुणाला असं होतंय का?

रात्रपाळी
टॅब मागे गेला की वेबव्ह्यूमधलं पान मोडून टाकतात, परत आलात की नव्याने उभं राहतं. लक्षात ठेवण्यासारखं काही असेल ते सेट स्टेटने ठेवा आणि गेट स्टेटने काढा. 'रिटेन कॉन्टेक्स्ट व्हेन हिडन' चालू केलं तर पान जिवंत राहतं, पण मेमरी खातं. आळशीपणाने ते चालू करू नका. मी केलंय, म्हणून सांगतो.

शून्यापासून
बायनरीवाल्यात हा त्रास नाही.

रात्रपाळी
तोच वेबव्ह्यू, तोच त्रास. आहेच.

खटपट्या
मंडळी, दुसरा वीकेंड संपला. काय केलं ते सांगतो, रागावू नका.

काटकसर यांची ओळ पहिल्याच शनिवारी सकाळी घातली. स्वल्पविरामाचा प्रश्न दहा मिनिटांत मिटला, त्यांना साष्टांग नमस्कार. स्कीमा मात्र केली नाही.

एडिटर केलाच, टेक्स्टवाला, पण तो काही लिहीत नाही. वर्कस्पेस एडिट त्यात नाहीच. तक्ताही नाही, नुसता आलेख. डावीकडे मजकूर, उजवीकडे आमचा एडिटर उघडायचा. दोघांना डॉक्युमेंट एकच असल्याने सेव्ह न करताच टाइप करता करता रेघ हलते. क्रम चुकला की ती मागे वळते आणि तो भाग लाल होतो. मजकूर अर्धवट असताना पार्स होत नाही, तेव्हा आधीचाच आलेख फिका करून ठेवतो. ही एवढीच गोष्ट करायला आख्खा रविवार गेला. आपण लिहीतच नाही म्हटल्यावर १.५० जागेवर, अनुक्रमांक जागेवर, कर्सरही जागेवर. एकूण २१० ओळी, फ्रेमवर्क नाही.

बिनधास्त_बाइट
म्हणजे एडिटर केला आणि त्यात एडिट करता येत नाही?

खटपट्या
हो.

अचूकतावादी
माझ्या मते धाग्यातला हा एकमेव सुरक्षित एडिटर आहे.

काटकसर
स्कीमा का नाही केली पण? अर्ध्या तासाचं काम होतं.

खटपट्या
आलेखात गुंतलो हो. सहापैकी चौघांना आवडलाय. एक जण विचारतोय की रेघेवरचा बिंदू माउसने ओढून आकडा बदलता येईल का. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

शून्यापासून
त्यासाठी बायनरीवाला बघा.