प्रतिसाद: एकाच अलायन्समध्ये दोन गोल्ड

एकाच अलायन्समधल्या, म्हणजे एकमेकांच्या सभासदांना सवलती देणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटातल्या, दोन कंपन्यांचं गोल्ड स्टेटस (नेहमी उडणाऱ्यांना मिळणारा, सिल्व्हरच्या वरचा दर्जा) ठेवावं का, यावर 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' असं वर कुणीतरी म्हटलंय, ते बहुतेकांच्या बाबतीत खरंच आहे. एका फ्लाइटचे माइल्स (प्रवासाचे गुण) एकाच खात्यात पडतात, त्यामुळे विभागणी केली की दोन्हीकडे सिल्व्हरवरच घोडं अडतं. पण 'एकाच अलायन्समध्ये दोन स्टेटस म्हणजे शुद्ध वेडेपणा' हे मात्र पटलं नाही. निदान अमेरिकेत राहणाऱ्यांना तरी ते लागू नाही.

युनायटेडचं स्वतःचं प्रीमियर गोल्ड असलं तरी निव्वळ देशांतर्गत प्रवासात, म्हणजे समजा नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को, त्या जोरावर युनायटेड क्लबमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या त्यांच्या लाउंजमध्ये, प्रवेश नाही. तोच माणूस त्याच अलायन्समधल्या एअर इंडियाच्या महाराजा क्लब या सभासद योजनेचं गोल्ड घेऊन आला तर आत, वर त्याच फ्लाइटचा एक सोबतीही नेता येतो. घरच्यांना बाहेर बसवून पाहुण्यांना पाटावर बसवायची ही तऱ्हा, पण नियमच तसा आहे! उलट इकॉनॉमी प्लसची ऐसपैस सीट फुकट हवी तर बुकिंगवर युनायटेडचाच सभासद नंबर लागतो, तिथे महाराजा क्लबचं गोल्ड कामाचं नाही. म्हणून आमच्याकडचे बरेच जण तिकिटावर युनायटेडचा नंबर ठेवतात आणि लाउंजच्या काउंटरवर बोर्डिंग पाससोबत फोनमधलं महाराजा क्लबचं कार्ड पुढे करतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या अॅडमिरल्स क्लबलाही असंच आहे, तिथे त्यांच्या अलायन्समधल्या ब्रिटिश एअरवेजचं सिल्व्हर चालतं. अर्थात वर्षातून एकदाच मुंबईला जाणाऱ्याने या फंदात पडू नये, कंपनीच्या पैशाने महिन्याला उडणाऱ्यांचे हे खेळ आहेत.