पुण्यात बसून सोलापूरच्या शेतकऱ्याला माळढोकाचा मारेकरी ठरवणाऱ्यांसाठी

करमाळकर
काल एक पोस्ट फिरत होती. म्हणे सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी शेतकऱ्यांच्या हव्यासानं संपला, ऊस-द्राक्षापायी माळ नांगरले, आता उरलेल्या माळांना सरकारनं कुंपण घालून माणसाला आत येऊच देऊ नये. खाली "अगदी खरं" म्हणणाऱ्यांची रांग. त्यातल्या किती जणांच्या सातबाऱ्यावर अभयारण्य बसलंय?

१९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि नगर, दोन जिल्ह्यांत पसरलेलं. माळढोकानं करमाळ्याचा एसटी स्टँड कधी पाहिला असेल देव जाणे, पण तोही आत. वारसानं जमीन येईल, बाकी खरेदी-विक्रीचं नाव काढायचं नाही. बहिणीच्या लग्नाला वडिलांनी दोन एकर विकायला काढली, तर दस्त होईना. शेवटी स्टॅम्पपेपरवर लिहून अर्ध्या भावात दिली. घेणारा गेला, त्याची पोरं आज आमच्याशी कोर्टात भांडतायत. क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला ३० वर्षांवर काळ गेला. एवढ्या वर्षांत पक्षी काही वाढला नाही. गावात त्याचं नाव मात्र शिवी झालं. पूर्वी माळढोक दिसला की माणसं पोरांना बोलावून दाखवायची. पुढंपुढं "दिसला म्हणून सांगू नको, उरलेलं रानही जाईल" असं म्हणायला लागली. हा हव्यास का?

गवत्या
८,४९६ चा आकडा सगळ्यांना पाठ असतो, तो कशासाठी होता हे कुणी सांगत नाही. विणीपुरता हा पक्षी राखीव गवतात दिसायचा, बाकीचे दिवस ज्वारी-करडईच्या रानांतून, पडिकातून भटकायचा. नुसते गवताचे तुकडे राखून भागणार नव्हतं. वर्षाला एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. चहूकडचं दिसलं तरच तो उतरतो. उसात काय दिसणार त्याला? तुमच्या दस्ताचं वाईट वाटतं, पण जिरायत मोडून ऊस लावला तो उजनीचं पाणी आलं म्हणून. अभयारण्यानं लावायला सांगितला नव्हता.

सोलापुरी चादर
ज्वारीला भाव द्या की ओ, लावतो ज्वारी. आमच्या नान्नजनं सोनाका द्राक्ष अख्ख्या महाराष्ट्राला दिलं, ते बी काय माळढोकाला विचारून लावायचं होतं? आणि त्या गिरिपुष्पाचं बोला जरा. माळावर झाडं कुणी लावली? आम्ही? कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं असलेल्या चांगल्या रानात खड्डे खणून गिरिपुष्प अन् सुबाभूळ. मजुरीला आम्हीच होतो, म्हणून ठावं.

गवत्या
गिरिपुष्पाचं मान्य. गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन, ती हिरवी करायची, हे खूळ वनखात्यात होतं, अजूनही पुरतं गेलेलं नाही. दर जुलैत "चला झाडे लावू" म्हणत माळावर जाणारे पुढारी आणि शाळा त्याच रांगेतले. पण त्यानं तुमचा ऊस माफ होत नाही.

निवांत
मुद्दा बाजूलाच राहतोय. आता खरा मारेकरी विजेची तार आहे. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगानं जड, ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली घ्या असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं, २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन समिती नेमली. कारण सौरऊर्जा. देशात मोकळ्या रानात जेमतेम दीडशे उरले असतील, बहुतेक जैसलमेरकडे.

करमाळकर
वा! कंपनीची तार आली की समिती, आमची विहीर आली की थेट बंदी.

धनगरवाडा
तारांचं, झाडांचं सगळं बोलला, कुत्र्यांचं कुणी बोलंना. मेंढरं घेऊन माळावर आम्ही असतो. कोंबड्यांच्या शेडवाले मेलेल्या कोंबड्या माळाच्या कडंला टाकतात, त्यावर कुत्र्यांची टोळी पोसली जाते. कळविटाचं पाडस दमवून दमवून मारलेलं बघितलंय. मागून एक धरतो, पुढून दोघं. जमिनीवर अंडं घालणारं पाखरू वाचंल का त्यात? लांडग्यानं मेंढरू नेलं तर भरपाईचा अर्ज तरी करता येतो. कुत्र्यानं नेलं तर कुणाकडं जायचं?

मोतीची आई
आलंच शेवटी कुत्र्यांवर! माणसानं माळ नांगरला, तारा टाकल्या, झाडं लावली आणि दोषी कोण, तर मुकं जनावर. मी रोज संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालते. सगळ्यांची नसबंदी स्वतःच्या खर्चानं केली आहे, लसही टोचून घेतली. माझ्या मोतीला कुणीतरी उकळतं पाणी टाकून भाजलं होतं. त्याच्या पाठीवर अजून केस येत नाहीत. आधी तुमच्यातला तो माणूस शोधा.

सोलापुरी चादर
ताई, मोतीचं वाईट झालं. पण मोती कोथरूडला हाय, पाडस इकडं मार्डीच्या माळावर मेलं.

गवत्या
नसबंदी केली म्हणून कुत्रा शिकार सोडत नाही. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार भटका कुत्रा नसबंदी करून त्याच जागी परत सोडायचा, आणि ती जागा माळरानाची कड असली तर? लांडग्यांना कुत्र्यांचे रोग लागतात. पुण्याजवळ तर लांडगा-कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. इथे तुमच्या भूतदयेचं काय करायचं?

मोतीची आई
म्हणजे मारायचे ना? स्पष्ट बोला. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतली कुत्री उचलण्याचा आदेश आला तेव्हाही तुमच्यासारखेच नाचले होते. अकराच दिवसांत कोर्टाला तो बदलावा लागला.

गवत्या
मारा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. माळाजवळ उघड्यावर मेलेल्या कोंबड्या टाकणं बंद करा, अभयारण्याच्या हद्दीतली कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवा, एवढंच म्हणतोय. आणि बिस्किटाचा पुडा फोडणं म्हणजे पर्यावरण नव्हे, हे ऐकायची तयारी ठेवा.

मोतीची आई
पर्यावरण म्हणजे मोठी लेन्स लावून जीपमधून फोटो काढणं, हो ना? तुमच्या जीपखाली चिरडलेली अंडी कुणी मोजली?

निवांत
अंडी जीपखाली... जाऊ द्या. तारांवर कुणाला बोलायचं आहे का?

करमाळकर
नाही बोलणार कुणी. धागा माझ्या जमिनीवरून निघाला आणि कोथरूडच्या गल्लीत जाऊन बसला. कोंबड्यांचा मुद्दा मात्र ताईंनाही मान्य असावा.

मोतीची आई
कोंबड्या उघड्यावर टाकू नयेत, हे शेंबड्या पोरालाही मान्य असेल. त्यासाठी माझी मान्यता लागते का?

धनगरवाडा
शेडवाला गावचा कारभारीच असला की लागती.

गवत्या
करमाळकर, सरसकट व्यवहारबंदीनं माणसं पक्ष्याच्या विरोधात गेली, इतपत तुमचं घेतो. राखीव गवत होतं म्हणून निदान कळवीट, लांडगा, धाविक पक्षी उरले, एवढं तुम्ही घ्या.

करमाळकर
घेतलं, पावती द्या. कळवीट उरलेच आहेत, आमची ज्वारी कोवळी असतानाच खाऊन जातात. भरपाईचा पंचनामा करायला माणूस येतो तोवर ज्वारी काढून झालेली असते.

सोलापुरी चादर
ते पंचनाम्याचं ऱ्हाऊ द्या. गिरिपुष्प काढायला कोण कोण येतंय? कोयते आमच्याकडचे.

गवत्या
वनखात्याची परवानगी काढावी लागेल.

सोलापुरी चादर
लावताना काय कुणी परवानगी मागितली नव्हती.