बाळ साडेचार महिन्यांचं, १ जानेवारीला शाळा: रुजू होऊ की राजीनामा देऊ?

कोपरखैरण्याची_आई
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मुलगी साडेचार महिन्यांची आहे. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत (एसएससी बोर्ड) सहावी-सातवीला गणित शिकवते. १५ जून २०२१ला लागले. २६ आठवड्यांची रजा ३१ डिसेंबरला संपतेय. शाळा ७.१० ते १, म्हणजे घरातून ५.५५ला निघायला हवं. नवऱ्याची महापेला कायम पहिली पाळी, तो सव्वासहाला बाहेर पडतो आणि पावणेचारला येतो. सासूबाई सांगलीला आहेत, सासऱ्यांच्या आजारपणामुळे त्यांना हलता येत नाही. माझी आई महिनाभर येईल, पुढे तिलाही जमणार नाही.

हातात २४ हजार येतात. घराचा हप्ता चालू आहे. पाळणाघराला जास्तीत जास्त ७ हजार देऊ शकते. मी तीन पाळणाघरं पाहिली, एकही आठच्या आधी उघडत नाही.

जूनमध्ये सहावी 'ब'ला पूर्णांक संख्या शिकवायला घेतल्या आणि ३ जुलैला रजेवर आले. परवा त्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला, 'बाई, ऋण तीनमधून ऋण पाच वजा केले तर उत्तर धन का येतं, तुम्ही येऊन सांगा म्हणतेय.' फोन ठेवला आणि रडू आलं. इकडे ही बाटली तोंडात धरत नाही, मी दिसले नाही तर कळवळून रडते. रोज रात्री एक ठरवते, सकाळी दुसरंच वाटतं.

प्रश्न तीन: (१) सकाळी सहाला बाळ घेणारं कोणी कोपरखैरणे-घणसोलीत माहीत आहे का? (२) कोणी शिक्षकी सोडून परत आलंय का? (३) बाटली न घेणाऱ्या बाळाचं काय केलं?

नेहा_सानपाडा
पाळणाघराच्या भानगडीत पडूच नकोस. दिवसभराची बाई ठेव. माझ्याकडे सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मावशी येतात, १८ हजार देते, दिवाळीला एक पगार जादा. मुलगा आता तीन वर्षांचा आहे, एकदाही आजारी पडून सुट्टी काढायची वेळ आली नाही. पैशांकडे बघायचं नाही, बाळाकडे बघायचं.

मंजिरी_कासारवडवली
प्रश्न २चं उत्तर देते, कारण ते माझ्याच आयुष्यात घडलंय. मी २०१८ला सोडलं. वाटलं दोन वर्षांनी परत जाऊ. मग कोविड आला, मग मुलाची बालवाडी, मग घोडबंदरचा ट्रॅफिक बघून कोण जाणार म्हणत आणखी एक वर्ष गेलं. २०२३ला मुलाखतीला गेले तेव्हा आधीची नऊ वर्षं कोणी मोजली नाहीत. नवीन शिक्षिकेच्या पगारावर घेतलं, तेही ११ महिन्यांच्या ऑर्डरवर. माझ्याबरोबर लागलेली मैत्रीण आज पर्यवेक्षिका आहे. तिचं कौतुकच आहे, पण स्टाफरूममध्ये तिच्यासमोर बसताना पोटात तुटतं. सोडू नकोस.

स्वाती_बेलापूर
माझं अगदी उलट आहे. मी सोडलं आणि एक दिवस पस्तावले नाही. मुलगी रांगली तेव्हा मी समोर होते. घरी आठवी-नववीच्या शिकवण्या घेते, महिन्याला पगाराइतके सुटतात. गणिताच्या बाईंना शिकवण्यांची काय कमी? कोपरखैरण्यात प्रत्येक इमारतीत मुलं आहेत.

मंजिरी_कासारवडवली
@स्वाती, शिकवण्या संध्याकाळी ५ ते ८ असतात. बाळ नेमकं तेव्हाच किरकिरं होतं. तुझी मुलगी किती वर्षांची होती सुरू केल्यास तेव्हा?

स्वाती_बेलापूर
अडीच.

ट्रान्सहार्बरवाला
पंधरा वर्षं वाशी-ठाणे करतोय म्हणून लिहितो. सहाच्या सुमाराच्या गाडीला बसायला मिळतं. ताईंचा त्रास ठाण्याला उतरल्यावर आहे. नऊ-दहा नंबरवरून पूल चढून पश्चिमेला यायचं, तिथून नौपाडा चालत. बाळंतपणानंतर जिने जपून. आणि बाळाला गाडीतून ठाण्याच्या पाळणाघरात न्यायचा विचार असेल तर मुळीच करू नका. परतीला दुपारी एकच्या उन्हात फलाटावर बाळ घेऊन उभी राहिलेली बाई बघवत नाही.

आदित्यची_आई_वाशी
पण आता शाळा नऊच्या आधी भरवायची नाही असा सरकारी निर्णय आहे ना? फेब्रुवारी २०२४मध्ये आला होता. शाळेला तो दाखवा.

ट्रान्सहार्बरवाला
तो चौथीपर्यंतच्या वर्गांना. यांचे वर्ग सहावी-सातवी.

आदित्यची_आई_वाशी
आमच्या सोसायटीतली पाचवीची मुलंसुद्धा साडेनऊला जातात.

ट्रान्सहार्बरवाला
शाळेने स्वतःहून ठेवलं असेल. निर्णय चौथीपर्यंतचाच आहे.

कुसुमाग्रज_नगरची_आजी
बाळे, बाटलीच्या मागे लागू नको. आम्ही बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने) पाजलं. पाचव्या महिन्यात नाचणीसत्त्व सुरू कर, पोट भरलं की बाळ झोपतं, तुझी नोकरीही टिकते. माझी तिन्ही मुलं नाचणीसत्त्वावर वाढली.

डॉ_आई_नेरूळ
आजी, मान राखून सांगते, सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. वरचं अन्न त्यानंतर. पण बोंडल्याबद्दल तुमचं बरोबर आहे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं चांगलं, धुवायला सोपं आणि बाळाला बाटलीच्या बोंडाची सवय लागत नाही.

धागाकर्तीसाठी: काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास राहतं, तेही खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर. आपल्याकडे मार्चपासून तो भरवसा धरू नका. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये साधारण सहा महिने. गरम करायचं ते कोमट पाण्यात भांडं धरून, मायक्रोवेव्हमध्ये नाही. आणि पहिल्यांदा वाटी-चमच्याने पाजताना तुम्ही खोलीत थांबू नका. आईचा वास आला की बाळ दुसरं काही घेत नाही. बाळ जिच्याकडे राहणार तिनेच पाजायचं. तीन-चार दिवस सांडेल, रडेल, मग जमतं.

कुसुमाग्रज_नगरची_आजी
माझी तिन्ही धडधाकट आहेत एवढंच म्हणते.

प्राजक्ता_रबाळे
पाळणाघर घेताना सीसीटीव्ही बघा. २०१६ला खारघरच्या पाळणाघरातलं ते फुटेज टीव्हीवर पाहिलं तेव्हापासून माझा जीव कशावरच बसत नाही. मी रोज न सांगता वेगळ्या वेळी जायचे. एकदा दुपारी गेले तर सात बाळांना एक मुलगी, तीही मोबाइलवर. त्याच दिवशी उचललं. किती बाळांना किती बाया, हे स्वतः उभं राहून मोजा.

दुसरं, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असावी, असं २०१७च्या प्रसूती कायद्यातल्या दुरुस्तीने ठरलं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन सुट्ट्याही मिळतात. तुमच्या शाळेत किती जण आहेत?

कोपरखैरण्याची_आई
शिपाई धरून ३८. नेहाताई, १८ हजार दिले तर मी कशाला जाऊ? पगारातले उरतात किती?

नेहा_सानपाडा
पहिलं वर्षच जड जातं गं. नंतर पगार वाढतो.

विनय_घणसोली
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते आठवीच्या, शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर, दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावं लागणार आहे. माझ्या बायकोला हे सांगायला शाळेने दोन महिने लावले. ताईंची टीईटी झालीय का? नसेल तर घरी राहिल्या तरी अभ्यास सोडू नये, गेल्या तरी सोडू नये.

कोपरखैरण्याची_आई
नाही झाली. एकदा दिली होती, थोड्या गुणांनी राहिली. हे डोक्यातच नव्हतं, धन्यवाद.

निवृत्त_बाई_ठाणे
मी ठाण्यात ३१ वर्षं शिकवलं, शेवटची सहा मुख्याध्यापिका होते. मुली, तू तारीख लिहिलीस तिथेच मी थांबले. १५ जून २०२१. म्हणजे १५ जून २०२६ला तुझी पाच वर्षं पूर्ण होतात. पाच वर्षांवर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) लागू होते, आणि शिक्षकांना ती मिळते, यावर न्यायालयातही शिक्कामोर्तब झालेलं आहे. तुझी प्रसूती रजा सेवेत धरली जाते, तिने खंड पडत नाही.

हिशेब असा: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ आणि भत्ता मिळून तुझे किती आहेत बघ. १८,२०० असतील तर ७०० गुणिले १५ म्हणजे १०,५००, पाच वर्षांचे ५२,५००. आज राजीनामा दिलास तर यातला एक रुपया मिळणार नाही.

आणि जानेवारी ते जून म्हणजे तरी किती? जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मे महिन्याची सुट्टी सेवेतच धरतात. चार महिने काढ. मग हवं तर सोड. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसेल तर एक महिन्याची. तू परिवीक्षेची (प्रोबेशनची) दोन वर्षं पूर्ण केली आहेस, म्हणजे कायम धरायला हवं, पण नेमणुकीचा कागद आधी काढून वाच. दरवर्षी नवी ऑर्डर आणि मध्ये खंड असला तर गोष्ट वेगळी.

एक मात्र करू नकोस. शाळा म्हणेल, तासिका कमी घ्या, पगार कमी घ्या. तशी सही करू नकोस. एकदा कमी झालेला पगार परत वर आलेला मी फार थोड्या वेळा पाहिलाय. आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते.

मंजिरी_कासारवडवली
बाईंना शंभर वेळा अनुमोदन. हे मला २०१८ला कोणी सांगितलं असतं तर.

स्वाती_बेलापूर
५२ हजारांसाठी बाळाला चार महिने रडवायचं?

निवृत्त_बाई_ठाणे
स्वाती, हप्ता चालू असलेल्या घरात ५२ हजार म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. माझ्या मुलाला पाच महिन्यांचा असताना वाड्यातल्या एका आजींकडे ठेवून मी गेले होते. तेव्हा २६ आठवडे नव्हते. तो रडला, मीही वर्गात फळ्याकडे तोंड करून रडले. आज तो ३८ वर्षांचा आहे आणि त्याला त्यातलं काहीही आठवत नाही. मला सगळं आठवतं.

कोपरखैरण्याची_आई
बाई, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. मूळ आणि भत्ता खरंच १८,२०० आहेत.

एक विचारते. खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, इथल्याच, मूळ कोपरखैरणे गावातल्या. त्यांची नातवंडं मोठी झाली. बाळ त्यांच्याकडे खेळतं. त्या स्वतःहून 'मी ठेवीन गो' म्हणाल्या. पण सहाला नाही, सकाळी मासळी आणायला बाजारात जातात, सव्वासातनंतर.

नेहा_सानपाडा
शेजारी कधीच नको. पैशांवरून संबंध बिघडतात.

प्राजक्ता_रबाळे
सहमत. पाळणाघराला जाब विचारता येतो, काकूंना काय विचारणार? आणि त्या आजारी पडल्या की त्या दिवशी काय?

ट्रान्सहार्बरवाला
आमचे शेजारी आणि आम्ही पार्किंगवरून तीन वर्षं बोलत नाही.

निवृत्त_बाई_ठाणे
मी नाही म्हणणार नाही, पण सकाळची तासाभराची फट राहतेच. नवऱ्याला तीन-चार महिने दुसरी पाळी मागून बघता येईल का?

कोपरखैरण्याची_आई
मागितली. नाही मिळाली.

*(१८ दिवसांनंतर)*

कोपरखैरण्याची_आई
सगळ्यांना कळवायला उशीर झाला.

मी तुम्हा सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध गेलेय, आधी तेच सांगते. मुख्याध्यापिकांकडे गेले आणि पहिल्या दोन तासिका काढून द्या म्हटलं. आता साडेआठला पोहोचायचं, घरातून सव्वासातनंतर निघायचं. मूळ आणि भत्ता मिळून १४,३०० झाले. बाई, तुमचं सूत्र लावलं, जूनला सोडलं तर ५५० गुणिले १५ गुणिले पाच, ४१,२५०. म्हणजे ११,२५० कमी. नवरा आणि मी दोघांनी बसून पाहिलं आणि ते सोडायचं ठरवलं. पाळणाघराचे ७ हजार वाचतायत, काकू चारच घेतात, त्याहून जास्त घ्यायला तयार होईनात. १५ जूनपासून पूर्ण तासिका आणि पूर्ण वेतन, असं पत्रात लिहून घेतलंय, सही-शिक्क्यासह. एवढं तुमचं ऐकलं.

डॉक्टर, आई आली तेव्हापासून रोज दुपारी काकूंकडे वाटी-चमच्याने पाजायची सवय केली. मी वर घरात बसून रडणं ऐकायचे. पाचव्या दिवशी आवाज आला नाही म्हणून धावत खाली गेले, तर निम्मी वाटी संपली होती.

आज पहिला दिवस होता. सहावी 'ब'मध्ये गेले. पूर्णांक संख्या त्यांच्या कधीच होऊन गेल्या, पण ती मुलगी तास संपल्यावर वही घेऊन आली. संख्यारेषा काढून दाखवली. 'वजा करायचं म्हणजे तोंड फिरवायचं' असं ती स्वतःच म्हणाली. घरी आले तेव्हा बाळ झोपलं होतं.

टीईटीची पुस्तकं आणलीत. गाडीत वाचते, या वेळेच्या गाडीला बसायला मिळत नाही, पण चालतं.

निवृत्त_बाई_ठाणे
पत्राची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेव. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला इथे कळव, पगारपत्रक काय आलं ते.

स्वाती_बेलापूर
काकूंना फक्त चार हजार? फार कमी आहेत. त्यांना विचारा तरी.

कोपरखैरण्याची_आई
विचारलं. दर रविवारी जिताडं (मासा) आणून देते म्हटलं, ते घेतात.

ऐरोली_पूजा
माझी रजा मार्चअखेर संपतेय, मीही शिक्षिका, शाळा कळव्याला. त्या काकू अजून एक बाळ घेतील का?

कोपरखैरण्याची_आई
विचारलं. दोन बाळं एका वेळी जमणार नाहीत म्हणाल्या. पण त्यांची धाकटी जाऊ घणसोली गावात असते, ती सहाला उठलेली असते म्हणे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.