वाघाच्या नावावर मिळालेला पाठिंबा माळरानापर्यंत पोचतो का?

गवताळ

संवर्धनाच्या मोहिमेला चेहरा लागतो आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा वाघाचाच असतो. वाघ वाचला की जंगल वाचतं, जंगलाबरोबर बाकीचं सगळं वाचतं, असं सांगितलं जातं. जंगलापुरतं ते खरंही आहे. पण या चेहऱ्यामुळे ‘निसर्ग म्हणजे दाट झाडी’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात घट्ट बसलं, आणि त्याची किंमत सोलापूर, पुणे, नगरकडची माळरानं मोजताहेत. लांडगा, खोकड, चिंकारा आणि जमिनीवर धावणारा धाविक पक्षी यांचं हे घर सरकारदप्तरी बऱ्याचदा ‘पडीक’ असतं. मग तिथे खड्डे खणून गिरिपुष्पाची झाडं लावली तरी लोकांना ते पुण्यकर्म वाटतं.

प्रत्यक्षात सावली पडली की पवन्या, मारवेल ही उन्हातली गवतं विरळ होतात. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या धाविकाला जागा उरत नाही. शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात. लांबवर नजर ठेवून जगणारा माळढोक हा मोठा पक्षी अशा ठिकाणी टिकत नाही. वाघाचं पोस्टर लावून माळ वाचणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

वैनगंगा_काठ

गिरिपुष्पाचा दोष वाघाच्या माथी मारू नका. ती चूक वृक्षारोपणाचे आकडे पूर्ण करण्याच्या घाईतून होते.

वाघाच्या नावाने काय मिळालं ते बघा. महाराष्ट्रात 2006च्या गणनेत वाघांचा अंदाज 103 होता, 2022च्या गणनेत 444. नागपूर–शिवनी महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून चौपदरी होताना त्याखाली 9 भुयारी मार्ग आणि पूल बांधावे लागले, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत रुंदीचे. तिथल्या कॅमेऱ्यांत 18 जातींचे वन्यप्राणी ये-जा करताना टिपले गेले. चितळ आणि रानडुकरं तर होतीच, ससा आणि रानमांजरही होतं. सशासाठी एवढे कोटी कुणी खर्च केले असते? पैसा वाघासाठी आला आणि वाट सगळ्यांना मिळाली. लोकांचा पाठिंबा असाच कामी येतो.

गुरांचा_डॉक्टर

भुयारी मार्गाचं उदाहरण बिनतोड आहे, पण ते चालतं कशामुळे? वाघाला आणि सशाला मारणारी गोष्ट एकच होती: गाडी. धोका वेगळा असला की हा हिशेब कोलमडतो.

गिधाडांचंच घ्या. दुखऱ्या गुराला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलं आणि ते लवकरच मेलं, तर औषध मांसात राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. व्याघ्र प्रकल्पाची हद्द कितीही वाढवा, उपयोग शून्य, कारण गिधाड एका दिवसात हद्दीबाहेर कितीतरी लांब जाऊन गावाच्या ढोरफोडीवर, म्हणजे मेलेली जनावरं टाकायच्या जागी, उतरतं. उपाय औषधाच्या दुकानात होता. 2006मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या. म्हणून 2015मध्ये 3 मिलीपेक्षा मोठी बाटली बंद करावी लागली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही तशीच घातक वेदनाशामकं गुरांसाठी बंद व्हायला 2023 उजाडलं. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र आधीपासून होतं आणि ते गिधाडांना सुरक्षित आहे. एवढी साधी गोष्ट गोठ्यापर्यंत पोचवायला कुठला वाघ उपयोगी पडला असता?

बोरी_बाभळ

माळालाही चेहरा दिला होता, हे गवताळ विसरताहेत. 1979मध्ये सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शहरं, खासगी शेतं सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, साध्या कामाला परवानगी लागू लागली. पक्षी दिसायचे ते थोड्या गवताळ तुकड्यांत, पण अडवणूक लाखो लोकांची. माळढोक म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर मनं दुखावली होती आणि पक्षीही जवळपास संपला होता. ज्याच्या बांधावर प्राणी राहतो त्याला चेहऱ्याकडून काय मिळतं, हे आधी ठरवायला हवं.

किनारपट्टी

मिळू शकतं. कोकणातल्या वेळासला 2002पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्री कासवांची अंडी-पिल्लं वाचवायचं काम गावाला धरूनच केलं. कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावातल्या घरांत राहतात, जेवतात आणि पैसे त्याच घरात जातात. पण इथेही चेहरा उलटू शकतो. अंडी सापडल्यावर काही तासांत, न फिरवता, मूळ घरट्याएवढ्याच खोल, म्हणजे साधारण दीड फुटी खड्ड्यात, राखणीच्या जागी हलवावी लागतात. उशीर झाला तर गर्भ कवचाला वरून चिकटलेला असतो, अंडं उलटलं की तो मरतो. पिल्लं साधारण 45 ते 60 दिवसांनी निघतात आणि महोत्सवाची तारीख बघून निघत नाहीत. पाहुणे यायचेत म्हणून ती टोपलीत अडवून ठेवली, तर समुद्रात पोहायला राखलेली ताकद वळवळण्यातच संपते. हे घडू द्यायचं नसेल तर ‘पिल्लं दिसतीलच’ असं आश्वासन कुणालाच देऊ नये.

ब्रह्मपुत्रा

चेहरा देखणाच हवा, हेही मला पटत नाही. आसाममधल्या दादरा, पसरिया गावांत हरगिला हा टकला, गळ्याशी पिशवी लोंबणारा करकोचा आहे. सडक्या मांसाचे तुकडे आणि विष्ठा अंगणात पडते म्हणून लोक घरट्यांची झाडंच तोडायचे. वन्यजीव अभ्यासक पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना सोबत घेतलं. पक्ष्याचं डोहाळजेवण केलं, गामोशावर (आसामी उपरण्यावर) आणि मेखला-चादरीवर (तिथल्या बायकांच्या वस्त्रावर) त्याची नक्षी विणली, पडणाऱ्या पिल्लांसाठी झाडाखाली जाळ्या बांधल्या. आधी आपुलकी तयार केली, ती आयती मिळाली नव्हती.

गवताळ

पेंचबद्दल वैनगंगा_काठ यांचं म्हणणं मान्य. नान्नजचा मुद्दाही मान्य, तो मी मांडायला हवा होता. तरी माळासाठी माझा आग्रह लांडग्याचा आहे, कारण लांडगा आणि मेंढपाळ दोघांनाही एकच गोष्ट हवी: उघडा, चराईचा माळ. गिरिपुष्पाचे खड्डे दोघांच्याही मुळावर येतात.

वैनगंगा_काठ

आणि दोघांच्यात मेंढी आहे, तिचं काय? भरपाईसाठी मेलेलं जनावर जागेवरून न हलवता पंचनामा व्हावा लागतो. लांडगा कोकरू उचलूनच नेतो, मग दाखवायचं काय? आणि धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, सकाळी पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो. वनरक्षक पोचेपर्यंत तिथे राहते ती विझलेली चूल. आधी ही भरपाई चालत्या वाड्यापर्यंत पोचवा, मगच लांडग्याचं पोस्टर छापा.