घरात एक सोपानदेव पाहिजे

केतकी, बी-३०४: काल रात्री ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ बघितला, मालेगावात घरच्या घरी पिक्चर काढणाऱ्या पोरांचा. थिएटरला लागला तेव्हा परीक्षा होती, म्हणून आता मोबाईलवर. कोणी बघितलाय का? घरी सगळे झोपलेत आणि मला कोणाशी तरी बोलायचंय 😄

सोनवणे भाऊ, ए-१०१: देखा. भलती मजा उनी. पण बेटा, मालेगाव नाशिक जिल्ह्यात. आपल्या खान्देशात धरू नको.

शेख भाई, सी-२०२: सोनवणे भाऊ, कलेक्टर नाशिकला बसतो म्हणून काय झालं? माझं निम्मं लहानपण मालेगावात गेलं. बाजारच्या दिवशी खेड्यातून येणारे सगळे अहिराणीतच भाव करायचे.

सोनवणे भाऊ, ए-१०१: मग पिच्चरमधी अहिराणी कुठं गेली?

शेख भाई, सी-२०२: ती लूमवाल्यांची गोष्ट आहे ना भाऊ. १८५७ नंतर यूपीकडून विणकर येऊन वसले, त्यांची बोली उर्दूच. ती बरोबर पकडलीय. अहिराणीचा वेगळा पिक्चर तुम्ही काढा, तिकीट मी घेतो.

केतकी, बी-३०४: मला पिक्चर आवडला. पण नंतर त्याच लोकांवरची जुनी डॉक्युमेंटरी बघितली, फैजा अहमद खान यांची, २००८ ची. ती बघितल्यावर पिक्चर जरा गुळगुळीत वाटायला लागला. पिक्चरमध्ये प्रत्येक दुःखाला संगीत आहे. डॉक्युमेंटरीत शफीक नावाचा खराखुरा लूम कामगार आहे, एकदम काडी पहिलवान, आणि तो सुपरमॅन झालाय. त्याला आडवं बांधलंय, मागे हिरवं कापड, आणि हा हात पुढे करून उडतोय. बाकीच्यांची धावपळ, ओरडाआरडा चाललाय. त्याच्या तोंडावर मात्र हसू नाही. तो खरंच उडतोय असं त्याला वाटत असणार. मी आधी हसले आणि मग एकदम गप्पच झाले.

शेख भाई, सी-२०२: शफीक २०११ मध्ये गेला. कॅन्सर.
केतकी, तू मालेगावचा शुक्रवार बघितलेला नाहीस. बाकीचे दिवस लूमची खडखड, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडून. शुक्रवारी लूम बंद. मग माणूस जाणार कुठे? पिक्चरला. मोठ्या टॉकीजचं तिकीट परवडलं नाही तर व्हिडिओ पार्लरला. ज्याच्यावर हा पिक्चर आहे त्या नासिर शेखचंही पार्लरच होतं. दुसऱ्यांचे पिक्चर दाखवता दाखवता त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. लग्नाचं शूटिंग करतात त्या कॅमेऱ्यांवर असली कामं व्हायची. आणि लोक रांग लावून बघायचे, कारण पडद्यावर गल्लीतलाच माणूस.

पाटील सेक्रेटरी, ए-२०१: चर्चा छान आहे. फक्त रात्री ११ नंतर मेसेज टाकू नयेत ही विनंती. लोकांचे फोन वाजतात.

भंगाळे काकू, बी-१०२: पाटील भाऊ, फोन सायलेंटवर ठेवायला शिका. 🙏
मी तो पिक्चर पाहिला नाही, पण केतकीचं वाचून बहिणाबाई आठवल्या. माझं माहेर आसोद्याजवळचं, त्यामुळे आमच्याकडे त्यांचा विषय घरातल्यासारखा निघतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचेल ते म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ ते उतरवून घ्यायचे. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांची गाणी पुस्तकात आली ती १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे त्यांनी स्वतःचं पुस्तक हातात धरलंच नाही. मुलगा कवी नसता, लिहून घ्यायची बुद्धी त्याला झाली नसती, तर दळण संपलं की गाणंही संपलं असतं. माझ्या सासूचं तसंच झालं. आपल्याकडच्या कानबाईच्या सणाला रात्र रात्र गाणी म्हणायच्या, जुनं संपलं की स्वतःच्या मनाने पुढचं जोडायच्या, सुनांची नावं घालून, टोमण्यांसकट. आम्ही शेजारी बसून हसायचो. एक ओळ कोणी लिहिली नाही. आता मला चालीच तेवढ्या आठवतात.

पाटील सेक्रेटरी, ए-२०१: आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव. जिला अक्षरओळख नव्हती तिच्या नावाची डिग्री!

महाजन सर, सी-३०१: पाटील साहेब, हे वाक्य २०१८ पासून प्रत्येक सत्काराच्या भाषणात ऐकतोय. गाणी किती जणांनी वाचलीत ते विचारा.

पाटील सेक्रेटरी, ए-२०१: 😐

महाजन सर, सी-३०१: भंगाळे वहिनी, तुमची हळहळ कळते. तरी माझं मत थोडं वेगळं आहे. सगळंच उतरवून ठेवलं पाहिजे असं नाही. गाणारीला गाताना जे मिळायचं ते मिळालं. त्याचं पुस्तक झालं की परीक्षेत प्रश्न येतात आणि पोरं मार्गदर्शक पाठ करतात. मी तीस वर्षं तेच करून घेतलंय.
सध्या नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी परत वाचतोय. कॉलेजात असताना वाचली तेव्हा तिचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच होतो. पुणं, मेस, बापाचे पैसे, सगळं फुकट घालवून गावी परत. बापाचा भयंकर राग आला होता. आता तोच बाप पुन्हा वाचला तर तो काही बरा झालेला नाही, दांडगाच आहे. पण पैशाचा हिशेब मागताना त्याला काय होत असेल तेही दिसलं. माझा मुलगा पुण्यात आहे, त्यामुळे असेल. आणि धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते तो भाग अजूनही एका बैठकीत वाचवत नाही. पुस्तक मिटून गच्चीवर चक्कर मारून आलो. १९६३ चं पुस्तक आहे हे!

भंगाळे काकू, बी-१०२: सर, रागावू नका, पण तुम्ही पुरुषमाणूस. तुमच्या बापाचं, पोराचं, मेसचं सगळं छापून आलेलं आहे, तुम्ही पन्नास वर्षांनी परत काढून वाचता. ते न उतरवता सोडलं असतं तर गच्चीवर चक्कर मारायला कशाने गेला असतात? माझ्या सासूचं मी कुठून काढून वाचू?

सोनवणे भाऊ, ए-१०१: काकूनी मारा छक्का 👏

महाजन सर, सी-३०१: मान्य. उत्तर नाही माझ्याकडे. मार्गदर्शकांबद्दलचं मत कायम.

जैन भाभी, सी-१०१: आमच्या छोट्याला शाळेतून ‘श्यामची आई’ वाचायला सांगितलंय. तो विचारतो, साने गुरुजी अमळनेरचे, मग पुस्तकात समुद्र आणि नारळ कुठून?

महाजन सर, सी-३०१: भाभी, जन्म कोकणातला, पालगडचा. अमळनेरला प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचं सगळं बघायचे. पुस्तक लिहिलं १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. त्यावर पिक्चर काढला तो अत्र्यांनीच, १९५३ मध्ये, म्हणजे बहिणाबाईंच्या पुस्तकानंतर एका वर्षात. त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. सुजय डहाकेचा २०२३ चा पण आहे, ब्लॅक अँड व्हाईट. छोट्याला आधी पुस्तक वाचू द्या. जुना पिक्चर दाखवाल तर रुमाल मोठा घ्या.

चौधरी, ए-३०३: मी रोज भुसावळ अप-डाऊन करतो. मध्ये भादली लागतं. बालकवी तिथेच गाडीखाली गेले ना, १९१८ ला? वयाची अठ्ठावीसही पूर्ण नव्हती. डब्यात कोणाला माहीत नाही, सगळे पत्ते खेळतात. मी पण खेळतो.

केतकी, बी-३०४: काकू, यंदाच्या कानबाईला आपण रेकॉर्ड करूया ना. मी येते फोन घेऊन.

भंगाळे काकू, बी-१०२: माझ्या जाऊबाईंना अजून बरीच येतात. पण समोर मोबाईल धरला की त्या आरतीच्या पुढे जात नाहीत. “गा” म्हटलं की “मले नही येत” म्हणतात. त्यांना गहू निवडायला बसवावं लागतं, दोघीतिघी सोबत, आणि कोणीतरी मुद्दाम चुकीची ओळ म्हणायची. मग त्या चिडून बरोबर म्हणून दाखवतात, आणि थांबत नाहीत.

शेख भाई, सी-२०२: हे डायरेक्शन नासिरभाईंच्या तोडीचं आहे, काकू.

केतकी, बी-३०४: पण चोरून नको. आधी सांगू त्यांना.

भंगाळे काकू, बी-१०२: सांगू की. फोन डब्यामागे ठेवलाय एवढं सांगायचं, कधी चालू केला ते नाही. चुकीची ओळ सोनवणे वहिनींनी म्हणायची, त्यांची चूक खरी वाटते.

सोनवणे भाऊ, ए-१०१: निरोप दिधा. घरात आता वातावरण तंग शे.